काष्ठमूर्तीची सेवा

(कोयनानगर येथे नवरात्रातील एका संध्याकाळी केलेल्या भाषणाचे हे लेखरूप.)



नवरात्रातील व्याख्यानाला उभ्या राहिलेल्या वक्त्याने देवीचे माहात्म्य सांगावे, निदान महिषासुरवधाची कथा तरी सांगावी, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. ती अपेक्षा मी आज पूर्ण करणार नाही. महिषासुराची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे आणि ती सांगण्याचा माझ्यापेक्षा आपल्या हरदासबुवांचा अधिकार मोठा आहे. मी बोलणार आहे ते लाकडाविषयी. ज्या लाकडातून आपल्या पूर्वजांनी देवी घडवली, त्या लाकडाला काय हवे असते आणि काय सोसत नाही, याविषयी.

हा विषय निवडण्याला कारण घडले. या व्याख्यानाचे निमंत्रण देण्यासाठी जे कार्यकर्ते माझ्या घरी आले, त्यांनी निघता निघता एक गोष्ट सांगितली. येथून जवळच, धरणात बुडालेल्या एका गावाची जी वस्ती वसली आहे, तिथल्या देवीचे मंदिर पाडून नवे बांधायचे ठरले आहे आणि जुनी लाकडी मूर्ती 'किडली' म्हणून तिच्या जागी संगमरवरी मूर्ती आणायची आहे. "जुनीचे विसर्जन कसे करावे, हे कुठे छापून आले असेल तर बघा," असे त्यांनी मला सुचवले. पत्रकाराला सगळे ठाऊक असते, हा लोकांचा एक गोड गैरसमज आहे. मी म्हटले, विसर्जनाचे नंतर पाहू, आधी देवी तर पाहू द्या.

आज दुपारी मी ती पाहून आलो. गुरवकाकांनी सोवळे नेसून मूर्तीची वस्त्रे उतरवली आणि मला गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत येऊ दिले. मूर्ती सुमारे दीड हात उंचीची, चतुर्भुज, पायाशी महिषाचे मस्तक. अंगावर ऑइल पेंटचे निदान चार थर असावेत. शेवटचा थर भडक गुलाबी आहे. डाव्या पायाची बोटे झडली आहेत, पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत उभी चीर आहे आणि पीठाशी पिठासारखा बारीक भुसा सांडलेला आहे. गाभाऱ्याच्या भिंतींना छतापर्यंत चकचकीत फरशा आहेत, खिडकी बुजवलेली आहे आणि मूर्तीच्या दोन्ही अंगांना हातभर अंतरावर दोन मोठे हॅलोजन दिवे आहेत. मी हात जोडले. मनात म्हटले, आई, तुझ्या लेकरांनी तुझ्यावर प्रेम केले आहे आणि त्या प्रेमातच तुझी अशी अवस्था झाली आहे.

कुणावर टीका करण्याच्या भूमिकेतून मी हे म्हणत नाही. तो अधिकार मला नाही, कारण हेच सारे मी स्वतःच्या घरी केलेले आहे.

माझे आजोबा शिवसागराच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावचे. साठच्या दशकाच्या आरंभी पाणी चढू लागले, तेव्हा त्यांनी गाव सोडले. गुरे, भांडी, बियाणे आणि डोक्यावर देव्हारा. देव्हाऱ्यात चांदीचे टाक होते आणि फणसाच्या लाकडाची एक वीतभर उंचीची देवी होती. ती कुंभार्ली घाटाखालून, कोकणातून, केव्हातरी आमच्या घराण्यात आलेली. आजी म्हणत असे, "दगडाची असती तर पाण्यातच राहिली असती." पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. या परिसरात सुमारे पावणेदोनशे माणसे गेली, हजारो घरे जमीनदोस्त झाली. आमच्या घराची मागची भिंत देव्हाऱ्यावर कोसळली. दगडमातीतून देवी काढली तेव्हा तिचा उजवा हात कोपरापासून निखळला होता. आजोबांनी शास्त्रीबुवांना विचारले, शेजारच्या सुतारकाकांनाही विचारले आणि फणसाचीच बारीक खुंटी मारून, सरस लावून हात बसवला. मी जन्मलो त्यानंतर. त्या जोडलेल्या हाताचीच देवी मी लहानपणापासून पाहिली.

वडील गेल्यावर, २००३ साली, देव्हारा माझ्या शहरातील घरी आला. देवी काजळी आणि तेलाने काळवंडली होती. मी ठरवले, आईला लख्ख करायचे. साबणाच्या पाण्यात भिजवून, मऊ ब्रशने घासून देवी धुतली. मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर वाळत ठेवली. मग दुकानातून आणलेला तेलरंग दिला आणि वर चकाकीसाठी वार्निश. घरातील सर्वांनी वाहवा केली. दोन महिन्यांत छातीवर उभी चीर गेली आणि पहिल्या पावसाळ्यात वार्निशाखाली पांढरे फोड आले. आजोबांनी बसवलेला हातही ढिला झाला, कारण सरस पाण्याने विरघळतो हे मला ठाऊक नव्हते. भूकंपातून वाचलेली मूर्ती माझ्या भक्तीतून वाचली नाही, असे आमच्या सौ. आजही म्हणतात आणि मला त्यावर उत्तर सुचत नाही.

त्यानंतर मी शिकू लागलो. मी कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. त्यामुळे जे शिकलो ते थोडे ग्रंथांतून, थोडे संग्रहालयांतील जाणकारांकडून आणि सर्वांत अधिक पाटण तालुक्यातील एका वृद्ध सुतारकाकांकडून. त्यांनी माझी मूर्ती हातात घेतली, उलटी करून बुडखा पाहिला आणि विचारले, "उन्हात ठेवलं होतं काय?"

लाकूड तोडल्यावर मरते, असे आपण समजतो. व्यवहारात ते श्वास घेतच राहते. हवेत दमटपणा वाढला की ते पाणी शोषून फुगते, हवा कोरडी झाली की आकसते. हे फुगणे-आकसणे उभ्या दिशेने जवळजवळ नसतेच. आडव्या दिशेने असते आणि त्यातही झाडाच्या वर्तुळांच्या रेषेत ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असते. म्हणून ओंडका नेहमी उभा, गाभ्याच्या दिशेने फाटतो. मूर्तीची चीर खांद्यावरून कमरेकडे का जाते, याचे उत्तर एवढेच आहे. तो कोप नव्हे, अपशकुनही नव्हे. हळूहळू वाळले तर लाकूड सांभाळून घेते. भिजवून उन्हात टाकले तर बाहेरचा थर आकसतो, आतला फुगलेलाच असतो आणि त्या ओढाताणीत ते तडकते. मी नेमके हेच केले होते. वरून वार्निश लावून आतला ओलावा कोंडला, ही आणखी भर.

आता कोयनानगरची हवा पाहा. येथे वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाळ्यातील चार महिने हवेतील आर्द्रता नव्वदीच्या घरात असते आणि माघ-फाल्गुनात ओठ फुटतात. लाकडासाठी याहून कठीण परीक्षा नाही. तरीही येथे घराघरांत, देवळादेवळांत लाकूड शतकभर टिकले आहे, याचा अर्थ आपल्या वाडवडिलांना ही परीक्षा उत्तीर्ण होण्याची रीत माहीत होती.

ही रीत किती जुनी आहे? श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात भगवंतांनी उद्धवाला प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत पाषाणाच्या पाठोपाठ काष्ठाचे नाव येते. आपल्या महाराष्ट्राला हा स्कंध नाथमहाराजांनी मराठीत आणून दिला. म्हणजे लाकडाची मूर्ती ही गरिबाची तडजोड नव्हे. ती शास्त्राने मानलेली मूर्ती आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणायला वनात कसे जावे, यावर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. स्मशानातले, वाटेवरचे, वारुळावरचे, विजेने जळलेले, हत्तीने मोडलेले, मधमाश्यांचे पोळे असलेले झाड घेऊ नये. देवदार, चंदन, शमी, कडुनिंब, बेल, खैर, साल, आंबा अशा वृक्षांची वर्णवार यादी त्यात आहे. तोडण्याच्या आदल्या रात्री झाडाची पूजा करावी, त्यावर राहणाऱ्या भूतमात्रांना नैवेद्य देऊन दुसरीकडे जाण्याची विनंती करावी आणि सकाळी मध व तूप माखलेल्या कुऱ्हाडीने ईशान्येकडून पहिला घाव घालावा. झाड उभे असतानाच त्याच्या दिशा आणि शेंडा-बुडखा खुणेने नोंदवून ठेवावा व मूर्ती त्याच दिशांनी उभी करावी.

यातले किती श्रद्धेचे आणि किती अनुभवाचे, हे वेगळे काढण्याचा खटाटोप मी करणार नाही. पण वारुळावरचे झाड नको, म्हणजे वाळवी लागलेले लाकूड नको, हे कळायला शास्त्री व्हावे लागत नाही. पाटणच्या सुतारकाकांनी बृहत्संहितेचे नावही ऐकले नव्हते. तेही माझ्या मूर्तीचा बुडखा आधी शोधत होते.

लाकडाच्या देवाचे सर्वांत मोठे उदाहरण अर्थातच जगन्नाथपुरी. जगन्नाथ, बलभद्र आणि त्यांच्यामध्ये उभी सुभद्रा, तिन्ही मूर्ती कडुनिंबाच्या. ज्या वर्षी आषाढ अधिक मास येतो, त्या वर्षी नवकलेवर होते, म्हणजे देव नवा देह धारण करतो. १९६९, १९७७, १९९६ आणि २०१५ साली तो झाला. योग्य वृक्ष शोधायला निघालेले दैतापती प्रथम काकटपूरच्या मंगलादेवीच्या दाराशी जातात आणि तिच्या स्वप्नदृष्टांताची वाट पाहतात. जगन्नाथाच्या देहाचे झाड एक देवी दाखवते, हे मला फार हृद्य वाटते.

मला आज त्याहूनही एका लहान गोष्टीकडे आपले लक्ष वेधायचे आहे. ज्येष्ठ पौर्णिमेला पुरीच्या देवांना १०८ घागरींनी स्नान घालतात. त्यांतील २२ घागरी सुभद्रेच्या. वर्षातून एवढे एकदाच. त्यानंतर देवाला ज्वर येतो आणि सुमारे पंधरा दिवस दर्शन बंद असते. त्या काळात मूर्तींवरील लेप आणि रंग पुन्हा सिद्ध केले जातात. भाविकाला तो देवाचा आजार वाटतो. जतनशास्त्र जाणणाऱ्याला त्यात भिजलेले लाकूड सावलीत, निवांत वाळू देण्याची मुदत दिसते. दोन्ही दृष्टी खऱ्या आहेत. आणि रोजचे स्नान? ते मूर्तीला नसतेच. समोर आरसा धरतात आणि आरशातील प्रतिबिंबाला स्नान घालतात. हे वाचल्यावर मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. कारण माझी आजी, जिने पुरी कधी पाहिली नव्हती, ती रोज टाकांना ताम्हनात घेऊन अभिषेक करी आणि लाकडी देवीला मात्र फुलाचे एक बोट लावून पुढे जाई. मी तिला एकदा विचारलेही होते, "हिला का नाही आंघोळ?" ती म्हणाली होती, "तिला सर्दी होते." मी हसलो होतो.

दक्षिणेत ही दृष्टी आणखी स्पष्ट दिसते. केरळातील कोडुंगल्लूरची भगवती फणसाच्या लाकडाची आहे. तिकडच्या भद्रकालीच्या काष्ठमूर्तींना जलाभिषेकाऐवजी सागाच्या लाकडापासून काढलेल्या तेलकट द्रव्याचा लेप विधिपूर्वक देतात. त्याला चांदाट्टम् म्हणतात. लाकडाला पाणी नको, लाकडाचाच रस द्या, असा हा विधी. आपल्याला जवळचे म्हणजे शिरसीची मारिकांबा. मंदिर १६८८ सालचे, देवी लाकडाची, अष्टभुजा, सात फूट उंचीची. दर दोन वर्षांनी तिची जत्रा भरते आणि त्यापूर्वी मूर्तीचे रंगकाम नव्याने होते. आपल्याकडचे किती तरी भाविक त्या जत्रेला जातात. परतताना प्रसाद आणि बांगड्या आणतात. एखाद्याने त्या रंगकाम करणाऱ्या कारागिरांचा पत्ता आणला असता, तर बरे झाले असते.

आणि महाराष्ट्र? आपली प्रमुख देवीस्थाने पाषाणाची आहेत, हे खरे. पण तुळजाभवानीला दरवर्षी नवा लाकडी पलंग आणि नवी पालखी लागते. पलंग घोडेगाव-जुन्नरकडून येतो, पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर देवी त्या पलंगावर निद्रा घेते. मरीआईचे भगत डोक्यावरून लाकडी देव्हारा घेऊन गावोगाव फिरत, हे आपल्यापैकी ज्येष्ठांनी पाहिलेले आहे. गोव्यात बांदिवड्याच्या महालक्ष्मीच्या सभामंडपात विष्णूच्या चोवीस रूपांपैकी अठरा रूपांच्या लाकडी मूर्ती वर ओळीने बसवलेल्या आहेत. पोर्तुगीज राजवटीत देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा गोव्यातील लोकांनी आपले देव उचलून नदीपलीकडे नेले. बांदिवड्याची महालक्ष्मी, कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा ही सारी त्या स्थलांतराची स्थाने. कोयनेच्या विस्थापितांना ते दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. आपले गाव मात्र शत्रूने बुडवले नाही. राज्याला वीज मिळावी म्हणून आपण ते दिले. देव डोक्यावर घेऊन चालण्याचे ओझे तेच.

लाकूड टिकत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी एकवीरेच्या दर्शनाला कार्ल्याला जावे आणि देवीच्या देवळाशेजारच्या चैत्यगृहात डोके वर करून पाहावे. छताच्या कमानदार लाकडी फासळ्या आणि स्तूपावरची लाकडी छत्री सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. भाजे येथील फासळ्या त्याहून जुन्या. त्यांवर ब्राह्मी अक्षरे कोरलेली आढळली. मावळचा पाऊस काही कमी नाही. तरी ते लाकूड राहिले, कारण त्यावर थेंब पडत नाही, खालून ओल चढत नाही, वारा खेळता आहे आणि त्याला कोणी तेलरंग दिला नाही. याउलट कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरातील गरुड मंडप पाहा. अवघ्या पावणेदोनशे वर्षांचा. पण सागवानी खांब जमिनीलगत कुजल्याचे अलीकडे आढळले आणि ते बदलण्याचे मोठे काम हाती घ्यावे लागले. सागासारखे लाकूडही जमिनीशी जिथे ओल धरते, तिथेच हार मानते.

कोल्हापूरचा विषय निघाला म्हणून आणखी एक. अंबाबाईची मूर्ती पाषाणाची. पण शतकानुशतकांच्या अभिषेकांनी तिचीही झीज झाली. २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी तिचे रासायनिक जतन केले आणि अभिषेक उत्सवमूर्तीवर होतो. एवढ्या जागृत देवस्थानाने ही रीत पत्करली असेल, तर आपल्या वस्तीने ती पत्करण्यात कमीपणा कसला?

आता माता-भगिनींसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. देवघर शेवटी आपल्याच हातात असते.

लाकडी मूर्तीवर पाणी, दूध, पंचामृत घालू नये. अभिषेक टाकावर, सुपारीवर किंवा आरशातील प्रतिबिंबावर करावा. हळदीकुंकू मूर्तीच्या कपाळी न लावता पुढे ठेवलेल्या पादुकांना लावावे. बाजारी कुंकवातील रंग लाकडात उतरतो आणि निघत नाही. समईची ज्योत मूर्तीपासून हातभर तरी दूर हवी. धूळ कोरड्या, मऊ, रुंद ब्रशने वरून खाली उतरवावी. ओले फडके नको. काळोखी आली म्हणून खोबरेल किंवा जवसाचे तेल चोपडण्याची पद्धत आहे. तेलाने मूर्ती आठ दिवस छान दिसते, मग त्यावर धूळ बसते, काजळी बसते आणि जवसाचे तेल तर कालांतराने कठीण, काळपट थर होऊन बसते. मूर्ती मागच्या भिंतीला टेकवू नये. चार बोटे अंतर ठेवावे. दगडी किंवा सिमेंटच्या ओट्यावर थेट न ठेवता खाली सागवानी पाट द्यावा. पावसाळा संपला की उन्हात ठेवण्याचा मोह टाळावा. खिडक्या उघडून वारा द्यावा. जुनी मंडळी देवघराला झरोका ठेवत, तो उगीच नव्हे.

कीड दोन प्रकारची. वाळवी जमिनीतून मातीची नळी करत येते, म्हणून पीठाचा तळ आणि पाट महिन्यातून एकदा पाहावा. दुसरी म्हणजे लाकूड पोखरणारा बारीक भुंगेरा. त्याची छिद्रे टाचणीच्या डोक्याएवढी असतात. ती मुख्यतः सालीलगतच्या फिकट लाकडात होतात, कारण त्या भागात त्याचे अन्न असते. फणसाचा किंवा सागाचा पिवळा-तपकिरी गाभा त्याला आवडत नाही. नवी मूर्ती करून घेताना गाभ्याचेच लाकूड मागावे, ते याचसाठी. जुनी छिद्रे दिसली म्हणून घाबरू नये; कीड निघून गेलेली असू शकते. छिद्रांतून ताजा, फिकट भुसा पडत असेल तरच ती जिवंत आहे. तशी असेल तर रॉकेल ओतू नये. रंग जातो, डाग पडतो आणि देवापुढे निरांजन तेवत असते, हे विसरू नये. मूर्ती प्राणवायूविरहित वेष्टनात काही आठवडे ठेवून कीड मारण्याची रीत जतनशास्त्रात रूढ आहे. ती जाणकाराकडून करून घ्यावी. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचा विभाग आहे. लखनौला केंद्र सरकारची संशोधनशाळा १९७६ पासून याच कामासाठी आहे. विचारायला संकोच करू नये. आपण गुडघेदुखीसाठी पुण्याला जातो, आईच्या पायासाठी मुंबईला जायला काय हरकत आहे?

चीर बुजवावी का? माझी मूर्ती पाहून सुतारकाका म्हणाले, "लांबी भरू नका. उन्हाळ्यात भराल, पावसाळ्यात लाकूड फुगेल, लांबी जागा देणार नाही, मग ते दुसरीकडं फाटेल." चीर ऋतूंबरोबर उघडते आणि मिटते, तिला तेवढी मोकळीक द्यावी. जो भाग निखळला असेल तो जोडावा, पण पुढच्या पिढीला काढता येईल अशा सरसाने जोडावा. आजोबांनी नेमके हेच केले होते. मीही पुन्हा तेच करून घेतले आणि वार्निश काढून घेण्यात दोन वर्षे गेली.

आणि आता नवे मंदिर. माझ्यासमोर त्या वस्तीतील पंचमंडळी बसली आहेत. त्यांचा आग्रह मी समजू शकतो. गाव गेले, जमीन गेली. निदान देऊळ तरी मोठे, पक्के, मान वर करून पाहावे असे असावे, ही भावना वावगी कशी म्हणू? खंडित मूर्तीची पूजा करू नये, हे वचनही त्यांनी मला ऐकवले. ते खरे आहे. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी आहे. काष्ठाची जीर्ण मूर्ती अग्नीला द्यावी आणि पाषाणाची पाण्याला, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे लाकडाच्या देवाला अंत असतो, हे शास्त्राने मोकळेपणाने मानले आहे. पुरीत तो अंत दर काही वर्षांनी येतो.

पण जीर्ण म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवू या. बोटे झडली, पाठीला चीर पडली, रंग सोलला, एवढ्याने मूर्ती जीर्ण होते असे मला वाटत नाही. मुखमंडल अखंड आहे, चारही हात आहेत, महिष आहे. गुलाबी थराखाली जुना, लाखेसारखा लाल रंग मला एका ठिकाणी दिसला. तो कोणा कारागिराचा मूळ हात असावा. दिवे उतरवले, फरशा काढल्या, झरोका उघडला आणि कीड थांबवली, तर ती मूर्ती आपल्या नातवंडांनाही दर्शन देईल, असा माझा अंदाज आहे. तो चुकीचाही ठरू शकेल, म्हणून जाणकाराला दाखवल्यावाचून निर्णय घेऊ नका, एवढीच माझी विनंती. आणि खरोखरच ती गेली असे ठरले, तर संगमरवर का? देवी लाकडाची होती. नवीही लाकडाचीच घडवावी. फणस या डोंगरात मुबलक आहे. झाडाला नैवेद्य दाखवून, क्षमा मागून आणलेले लाकूड राजस्थानातून ट्रकने आलेल्या दगडापेक्षा या मातीला जवळचे नाही का?

नवे देऊळ जरूर बांधा. मात्र काँक्रीट आणि गिलावा वाळायला पुरेसा अवधी द्या. नव्या सिमेंटच्या भिंती कित्येक महिने ओल सोडत राहतात आणि ती सारी ओल बंद गाभाऱ्यातील लाकूड पिते. वास्तुशांतीच्या मुहूर्ताची घाई करून देवीला ओल्या घरात नेऊ नका. आपण बाळंतिणीला नेतो का?

कौल लावायचा की नाही, हा गुरवकाकांचा आणि गावाचा प्रश्न आहे; त्यात माझ्यासारख्या बाहेरच्याने बोलू नये. मी फक्त एक केले आहे. आज दुपारी त्यांच्या परवानगीने मूर्तीच्या पीठाखालचा भुसा झाडून घेतला आणि तिथे एक काळा कागद अंथरून आलो आहे. कागद कोजागरीपर्यंत हलवायचा नाही, असे काकांनी कबूल केले आहे. दिवेही त्यांनी माझ्यासमोरच बंद केले. कोजागरीच्या सकाळी मी येथे पुन्हा येतो. पंचमंडळींनीही यावे. कागदावर नवा भुसा पडला आहे की नाही, ते आपण सर्व मिळून पाहू आणि मग देवळात बसूनच पुढचे बोलू.